‘तू राहू दे’

गणपती आटोपले की या सदराच्या टपालात आजारपणाची पत्रे वाढतात, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. सणात घर भरलेले असते, आणि भरलेल्या घरात ज्याला एका जागी बसवून ठेवलेले असते त्याला आपली जागा नेमकी दिसू लागते. या खेपेला एकट्या बडोद्याहूनच तीन पत्रे आली आहेत. दोन स्वतः जुनाट आजार घेऊन जगणाऱ्यांची आहेत, आणि तिसरे आजारी मैत्रिणीला टाळत आलेल्या एका बाईंचे आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून आणि मजकूर थोडक्यात करून ती येथे देत आहे. पहिल्या पत्राने बरीच जागा घेतली आहे, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : माझे वय 46 आहे. सहा वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा आमवात, असल्याचे निदान झाले. औषधे नियमित चालू आहेत आणि दुखणे आता आटोक्यात आहे. फक्त सकाळी तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. घरी यजमान, सासूबाई, दीर-जाऊबाई, मुलगी अशी सगळी माणसे आहेत आणि कोणीही वाईट वागत नाही. वाईट वागले असते तर निदान भांडता आले असते. या गणपतीत मोदक करायला बसले, तर पहिल्याच मोदकाच्या पाकळ्या माझ्या बोटांतून सुटल्या. जाऊबाई अगदी मायेने म्हणाल्या, “तू राहू दे गं, तू बस बाहेर.” मी बाहेर येऊन बसले आणि आतून हसण्याचे आवाज येत राहिले. आता नवरात्र येईल. लग्न होऊन बडोद्यास आल्यापासून पहिली 14 वर्षे मी गरब्याची एकही रात्र चुकवली नव्हती. गेली सहा वर्षे सगळे गरब्याला जातात आणि मी घर सांभाळते. बाहेरचे लोक म्हणतात, “तुमच्याकडे बघून तर काहीच वाटत नाही.” मी ‘बरी आहे’ म्हणते. भरल्या घरात इतके एकटे वाटणे हा माझा कृतघ्नपणा आहे का? आणि आजार जाणारच नसेल तर आशा तरी कशाची करायची?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, कृतघ्नपणाचा आरोप तुम्ही स्वतःवर ठेवला आहे, तो आधी उतरवू या. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात माणसाला गोतावळाच नसतो. दुसऱ्यात गोतावळा असतो, पण ज्याच्यापाशी मन उघडे करावे असे एक जवळचे माणूस नसते. यांतल्या एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा घरात पाच माणसे असताना एकटे वाटणे यात नवल काही नाही, आणि पाचाची पंधरा केली तरी ते जाणार नाही. तुमचे पत्र वाचताना मात्र मला या दोहोंहून निराळी एक गोष्ट दिसली. तिला पुस्तकात नाव असो वा नसो, आपल्या घरांतल्या आजारी बायकांना ती चांगली ठाऊक असते. हातातले काम गेल्याने आलेला तो एकटेपणा आहे.

आपल्याकडे स्वयंपाकघरात कोणी गप्पा मारायला म्हणून जात नाही. माणूस नारळ खवायला जातो, काकडी कोचवायला जातो, आणि गप्पा आपोआप होतात. नणंदेच्या मुलीचे स्थळ, शेजारच्यांचे नवे बांधकाम, सासूबाईंची हळूच केलेली नक्कल, हे सारे उकड मळता मळता निघते. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली समोरासमोर बसून ते कधीच निघत नाही. म्हणून ‘तू राहू दे’ असे म्हणून जेव्हा एखादीला कामातून मोकळे केले जाते, तेव्हा त्या बोलण्यातूनही तिला मोकळे केले जाते, आणि हे करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. जाऊबाईंनी तुमच्यावर मायाच केली, आणि त्या मायेनेच तुम्हाला उंबऱ्याबाहेर नेऊन बसवले. तुम्हाला भांडता येत नाही ते यामुळे.

आता त्या मोदकाकडे जरा जवळून पाहू या. पाकळी पाडताना अंगठा आणि पहिली दोन बोटे यांची चिमूट लागते, आणि तुमच्या आजारात हीच चिमूट सर्वांत महाग पडते, कारण सारा भार बोटांच्या लहान सांध्यांवर येतो. परंतु सारण परतायचे असते, ते पुरेसे गोड झाले की नाही हे कोणीतरी ठरवायचे असते, तळहातावर पारी थापायची असते, तीत चमच्याने सारण घालायचे असते, मोदकपात्रात पान मांडायचे असते. यांतली निम्मीअधिक कामे तळहाताची, मनगटाची किंवा जिभेची आहेत. कलथ्याच्या दांड्याला जुने सुती कापड गुंडाळून तो जाड केला की मूठ आवळून धरावी लागत नाही. जड पातेले उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवत न्यावे. डब्याचे झाकण बोटांनी उघडण्याऐवजी त्यावर तळहात टेकवून खांद्यातून जोर द्यावा. मोठा सांधा जे काम करू शकतो ते लहान सांध्याकडून करवून घेऊ नये, हे एक सूत्र ध्यानात ठेवले तरी बाकीचे तुमचे तुम्हालाच सुचेल.

घड्याळाचाही यात हात आहे. रात्रभर सांधे हलत नाहीत आणि दाहामुळे ते सकाळी आखडलेले असतात. तुमची बोटे साडेनऊला मोकळी होत असतील, तर साडेसातला उकड काढणाऱ्या घरात तुम्ही निरुपयोगी ठरता, आणि दहाला काढणाऱ्या घरात ठरत नाही. बोटे मात्र दोन्हीकडे तीच असतात. नैवेद्य अकराला दाखवला काय किंवा साडेबाराला दाखवला काय, बाप्पा रागावल्याचे मी ऐकलेले नाही. सासूबाईंचे मी सांगू शकत नाही.

पण ही जागा तुम्हाला आपणहून कोणी देणार नाही, कारण तुम्ही सर्वांना ‘बरी आहे’ असे सांगून ठेवले आहे. मी दोष देत नाही. मला स्वतःला गेली 19 वर्षे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह आहे, आणि बडोद्यात मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत कोणत्या ओळखीच्या दुकानामागे शौचालय आहे हे मला दुकानांच्या पाट्यांपेक्षा अधिक पाठ आहे. तरीही पहिली सहा-सात वर्षे मी लग्नामुंजीला न जाण्याचे कारण ‘जरा काम होते’ असेच सांगत असे. परिणाम इतकाच झाला, की लोकांनी मला माणूसघाणी ठरवले आणि आमंत्रणे पोस्टाने येऊ लागली. ‘बरी आहे’ हे उत्तर ऐकून विचारणारा सुटतो आणि आपण अडकतो. त्याऐवजी मोजके आणि खरे सांगावे. ‘सकाळी दहापर्यंत माझी बोटे माझी नसतात, दहानंतर हाक मारा,’ या वाक्यात रडगाणे कुठेच नाही आणि जाऊबाईंना त्यावर काही करता येते. मुलीला हेही सांगा, की सांधे सुजवणारी शरीरातली रसायनेच तुम्हाला थकवाही आणतात. दुपारी तुम्ही आडव्या होता ते आळसाने होत नाही. सूज साडीच्या पदराआड झाकली जाते आणि थकव्याला तर रूपच नसते, तेव्हा ‘बघून काहीच वाटत नाही’ असे म्हणणारे खोटे बोलत नसतात. त्यांना जे दिसत नाही ते सांगितल्यावाचून कळणार कसे?

हेच ‘बरी आहे’ तुम्ही डॉक्टरांनाही सांगत असाल, अशी मला दाट शंका आहे. दुखणे आटोक्यात आहे असे तुम्ही लिहिता आणि पुढच्याच वाक्यात सकाळी तास-दीड तास बोटे मिटत नाहीत असेही लिहिता. ही दोन विधाने एकत्र नांदत नाहीत. आखडलेपण इतका वेळ टिकणे ही सांध्यांच्या अस्तरात दाह अजून धुमसत असल्याची खूण असू शकते. सहा वर्षांत तुम्हाला सोसण्याची सवय झाली आणि सोसवते त्यालाच तुम्ही आटोक्यात म्हणू लागलात, असे झाले असण्याचा संभव आहे. आजचे संधिवाततज्ज्ञ सोसण्याजोगे झाले म्हणून थांबत नाहीत. दाह पूर्ण शांत व्हावा, आणि ते साधत नसेल तर अगदी कमी राहावा, हे ध्येय ठेवून ते ठरावीक काळाने सुजलेले व दुखरे सांधे मोजतात, ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पाहतात, आणि ध्येय गाठले गेले नसेल तर औषध वाढवतात किंवा बदलतात. पुढच्या भेटीआधी 15 दिवस एका वहीत दोनच गोष्टी लिहा : उठल्याची वेळ, आणि चहाचा कप एका हाताने उचलता आला ती वेळ. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांनी ‘कशा आहात’ असे विचारले तर उत्तर वहीला देऊ द्या.

आशा कशाची करायची, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या वहीतच आहे. उरलेल्या निम्म्यासाठी थोडा इतिहास सांगते. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी या आजाराने जखडलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला पुढे कॉर्टिझोन या नावाने गाजलेले द्रव्य दिले, आणि थोड्याच दिवसांत ती आपल्या पायांनी चालत बाहेर पडली. 1950 मध्ये हेंच यांना दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. मग दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यावर हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, साखर वाढते, हे लक्षात येत गेले आणि त्या चमत्काराचा भर ओसरला. या साऱ्याच्या आधीपासूनच आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तेथे त्यांच्या चमूने पेशींच्या वाढीला लागणाऱ्या फॉलिक आम्लाशी साधर्म्य असलेली आणि त्याचे काम अडवणारी औषधे तयार केली. मेथोट्रेक्सेट त्यांपैकीच आहे. ते आधी कर्करोगासाठी वापरले गेले, आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी त्याला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळायला 1988 साल उजाडले. सुब्बाराव 1948 मध्येच वारले होते. चमत्काराला दोन वर्षांत नोबेल मिळाले, पण आजाऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना सांभाळले ते चाळीस वर्षे उशिरा मान्यता पावलेल्या या औषधाने. तुमच्या डब्यात ही गोळी असेल, तर ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते आणि तिच्यासोबत रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नसतात, हे तुम्हाला सांगितलेले असेलच. चुकून रोज घेणे जिवावर बेतते, म्हणून मी पुन्हा सांगते. तुमच्या आजीच्या पिढीतल्या बाईला तुमच्या वयात हा आजार झाला असता, तर तिच्या हाती यातले फारसे काही नव्हते. तुमच्या हाती आहे, आणि हेही अपुरे पडले तर पुढची औषधेही आहेत.

फ्रेंच चित्रकार रेनुआर यांना हाच आजार होता. अखेरच्या वर्षांत त्यांची बोटे तळहाताकडे वळून गेली होती, तरी 1919 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. ते ब्रश हाताला बांधून घेत, अशी एक कथा लोक आवडीने सांगतात. वास्तविक त्या पट्ट्या कातडी सोलवटू नये म्हणून गुंडाळलेल्या असत आणि ब्रश जवळचे कोणीतरी त्यांच्या बोटांत अडकवून देत असे. मला चित्रकाराइतकेच त्या ब्रश देणाऱ्या माणसाचे अप्रूप वाटते.

राहिला गरबा. युनेस्कोने 2023 च्या डिसेंबरात गरब्याला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, पण त्या यादीत रात्री बारापर्यंत नाचलेच पाहिजे अशी अट घातलेली नाही. गरब्याची लय सुरुवातीला संथ असते आणि रात्र चढते तशी ती चढते. तुम्ही मोठ्या मैदानाचा नाद सोडा आणि जवळच्या शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, आरतीच्या वेळी जा, संथ दोन फेऱ्या घ्या, टाळी नुसती तळव्याला तळवा टेकवून द्या, आणि लय वाढली की बाहेर या. अनवाणी खेळण्याचा हट्ट धरू नका, कारण पायाचे लहान सांधेही या आजारात सापडतात. आधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ रिकामी ठेवा. सगळ्यांच्या पर्सा आणि चपला सांभाळत खुर्चीवर बसण्याचे काम मात्र कोणी देऊ केले तर घेऊ नका. घर सांभाळणे आणि ते, यांत फरक नाही. सहा वर्षे तुम्ही ‘नऊ रात्री किंवा काहीच नाही’ असा हिशेब मांडला आहे. या वर्षी पंचमीला वीस मिनिटे, असा मांडून पाहा, आणि पंचमीला काय झाले ते मला लिहून कळवा.

प्रश्न : मी 39 वर्षांचा असून हिशेबनीस आहे. अडीच वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिसवर असतो. पाणी मोजून प्यावे लागते, म्हणून मित्रांकडे जाणे सोडले. प्रत्येक घरी चहा-पाण्याला नाही म्हणणे अवघड होते. शेजारच्या खुर्चीवर एक काका असत. दीड महिन्यापूर्वी एका शुक्रवारी त्या खुर्चीवर दुसरेच कोणी होते. सिस्टर म्हणाल्या, “काका आता येणार नाहीत.” हे मी घरी कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीचा रक्तगट जुळत नाही, माझे नाव मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे. रात्री फोन वाजला की छाती धडधडते, आणि लगेच मनात येते की आपण कोणाच्या तरी मरणाची वाट पाहत आहोत. अशी आशा धरणे पाप आहे का?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : आधी काकांविषयी बोलू. तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून हिशेबच मांडते. आठवड्याचे बारा तास, असे अडीच वर्षे धरले तर दीड हजाराहून अधिक तास होतात. काका त्यांतले निम्मेच तास शेजारी होते असे मानले, तरी तुम्ही आपल्या किती चुलत्या-मामांजवळ उभ्या आयुष्यात इतका वेळ बसला असाल? आणि तरीही या माणसाचे तुम्हाला सुतक नाही, दहाव्या-तेराव्याचे बोलावणे नाही, कारण त्या नात्याला आपल्याकडे नाव नाही. ज्या दुःखाला नाव नसते ते माणूस कोणाला सांगत नाही. तुमच्या बाबतीत त्यात भीतीही मिसळलेली असणार, की आज ती खुर्ची, उद्या ही. दोन्ही गोष्टी पत्नीला सांगा. आठवड्यातून तीनदा घरी परतल्यावर तुमचा चेहरा त्या पाहतात, तेव्हा त्यांनी काही ताडले नसेल असे मला वाटत नाही. काकांच्या घरचा पत्ता मागू नका, कारण रुग्णालय तो देणार नाही आणि देऊही नये. सिस्टरांकडे एक बंद पाकीट द्या आणि घरच्यांपर्यंत पोचवता येईल का ते विचारा. त्यात ते त्या खुर्चीवर बसून काय बोलत, कशावर हसत, एवढेच लिहा. त्या बारा तासांतले काका त्यांच्या घरच्यांनी कधी पाहिलेले नाहीत.

आता पापाविषयी. ज्याचे मूत्रपिंड तुम्हाला मिळू शकते त्याच्या मेंदूस्तंभाचा, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुंध्याचा, मृत्यू झाला आहे हे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ ठरवते, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणी त्या मंडळात असू शकत नाही. त्यानंतर घरच्यांना विचारले जाते आणि त्यांना नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार असतो. तुमचे नाव यादीत असल्याने कोणाचेही मरण एका घटकेनेही अलीकडे येत नाही. ते अपघाताने किंवा मेंदूतील रक्तस्रावाने आधीच येऊन गेलेले असते. तुम्ही वाट पाहता ती त्यानंतर एखाद्या अनोळखी घरात, रुग्णालयाच्या बाकावर बसून घेतल्या जाणाऱ्या निर्णयाची. त्या निर्णयाविषयी संकोच वाटणे मला चांगलेच लक्षण वाटते. तो संकोच असू द्या, त्याला पाप म्हणू नका.

आणि एकाच फोनवर सगळी आशा टांगू नका. पत्नीचा रक्तगट जुळत नाही एवढ्यावर तुम्ही विषय संपवलेला दिसतो. 2011 मध्ये या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने अदलाबदलीला वाट करून दिली आहे. तुमच्यासारख्याच दुसऱ्या जोडप्यातील दात्याचे मूत्रपिंड तुम्हाला जुळत असेल आणि तुमच्या पत्नीचे त्यांच्या रुग्णाला, तर परवानगी घेऊन तसे करता येते. रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण करणारी काही केंद्रे आहेत, मात्र त्यास खर्च आणि तयारी अधिक लागते. पत्नीची इच्छा आणि प्रकृती, दोन्ही आधी नीट विचारात घेऊन, हे प्रश्न तुमच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारा.

मित्रांचे त्या मानाने सोपे आहे. बडोद्यात कोणाच्या घरी जाऊन पाणी नाकारणे म्हणजे भांडण उकरून काढणे, हे मी जाणते. घरची एक लहान स्टीलची वाटी खिशात घेऊन जा, ती पुढे करा आणि सांगा, “मला चहा एवढाच, पण बसणार तासभर.” ती वाटी दिवसाच्या हिशेबात धरा. पहिल्या वेळी हसतील, तिसऱ्या वेळी मित्राची आई आपणच वाटी मागून घेईल.

एक गोष्ट मात्र वेगळी काढून सांगते. दोन आठवडे किंवा अधिक काळ दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहिले, झोप आणि गोडी दोन्ही गेली, किंवा डायलिसिसला जाणेच सोडावे असे वाटू लागले, तर त्यास एकाकीपणा समजून सोसत बसू नका. दीर्घ आजारात नैराश्य वारंवार आढळते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगाच, आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य आहे.

प्रश्न : माझ्या जिवलग मैत्रिणीस फुप्फुसांचा जुना आजार आहे आणि आता तिला घरी ऑक्सिजन लावावा लागतो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून आज जाऊ उद्या जाऊ करता करता अकरा महिने झाले. आता जायची लाज वाटते.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : लाज घेऊनच जा. अकरा महिन्यांची कारणे तयार करून नेऊ नका. दारात ‘चुकले माझे’ एवढे म्हणा आणि आत जा. दम लागणाऱ्या माणसाला लांब उत्तरे देणे जड जाते, म्हणून ‘कसे चालले आहे, सगळे सांग’ असे म्हणू नका. बोलण्याचे काम तुम्ही घ्या, आणि विचारायचेच तर तिला मान हलवून उत्तर देता येईल असे विचारा. ती थांबली तर तिचे वाक्य तुम्ही पुरे करू नका, थांबा. अत्तर लावून जाऊ नका. तिच्या खोलीत उदबत्ती किंवा निरांजन लावलेले दिसले तर घरच्यांना हळूच सांगा, की ऑक्सिजनजवळ ज्योत नको. मिठाईचा पुडा नको, आणि कोणाला कोणत्या काढ्याने गुण आला ही हकिकत तर मुळीच नको.

पाव किलो गवार घेऊन जा. नवरात्र जवळ आले म्हणून वाती वळायला कापूस न्यावा असे तुमच्या मनात येईल, पण त्याचे तंतू उडतात. गवारीचे बरे असते. दोघींचे डोळे ताटात राहतात, हात चालू राहतात आणि मध्ये कोणी काही बोलले नाही तरी ते खटकत नाही. तिला निवडू द्या, सावकाश निवडेल. ती थकलेली दिसली की निघा, आणि जेवढी राहिली असेल तेवढी परवा येऊन निवडू म्हणून तिथेच ठेवा.